एफ/३२ लावूनही कीड अर्धीच शार्प का येते?

प्रश्न विचारणारे दिंडोरीकडचे आहेत. घरची द्राक्षबाग आहे. बागेतल्या पिठ्या ढेकूण, फुलकिडे अशा किडींचे फोटो काढून सल्लागाराला पाठवतात आणि पावसाळ्यातल्या रविवारी अंजनेरीच्या डोंगरावर रानफुलांच्या मागे असतात. जवळ २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स आणि एक साधा फ्लॅश आहे. त्यांची तक्रार अशी: अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पार एफ/३२ पर्यंत बंद केलं तरी किडीचं डोकं शार्प येतं, मागचा भाग विरघळतो, आणि वर सगळाच फोटो धुरकट दिसतो. यावर ५०-६० मिमीची मॅक्रो लेन्स घ्यावी, की सरळ स्टॅकिंग, म्हणजे अनेक फ्रेम जोडून एक फोटो करणं, शिकावं?

लेन्स घेऊ नका. स्टॅकिंग जरूर शिका, पण ते शेवटचं हत्यार आहे. त्याआधी अ‍ॅपर्चरकडून डेप्थ, म्हणजे एका फोटोत शार्प दिसणारी जाडी, उकळायचा नाद सोडावा लागेल. क्लोज-अपमध्ये डेप्थ किती मिळणार हे मुख्यतः मॅग्निफिकेशन, म्हणजे कीड सेन्सरवर किती पटीने उमटते ते, ठरवतं. अ‍ॅपर्चरच्या हातात उरलंसुरलं येतं, आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

आधी आकडे बघा. क्रॉप सेन्सरला सर्वसाधारणपणे ०.०२ मिमीपर्यंतचा धूसरपणा डोळ्याला खपतो असं धरतात. त्या हिशेबाने वन-टू-वनला, म्हणजे कीड सेन्सरवर स्वतःच्याच आकाराची उमटते तेव्हा, एफ/८ वर डेप्थ मिळते ०.६४ मिमी. एफ/११ वर ०.८८, एफ/१६ वर १.२८. तुमच्या एफ/३२ वर अडीच मिमी. आता एफ/८ च ठेवा आणि फक्त मागे सरका. निम्म्या मॅग्निफिकेशनला डेप्थ १.९ मिमी होते, पाव मॅग्निफिकेशनला ६.४ मिमी. म्हणजे वन-टू-वनवरून पाव पटीला आलात तर डेप्थ दहापट वाढली, अ‍ॅपर्चरला हातही न लावता. तेवढीच वाढ नुसतं अ‍ॅपर्चर बंद करून हवी असेल तर एफ/८ वरून एफ/८० ला जावं लागेल. तुमच्या कॅमेऱ्याला तशी लेन्स कोणी बनवत नाही, आणि का बनवत नाही तेही आता येईलच.

(या आकड्यांमागचं सूत्र सरळसाध्या लेन्सचं आहे. आजच्या मॅक्रो लेन्स आतल्या आत काचा सरकवून फोकस करतात, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. निर्णय बदलण्याइतके नाही.)

फोटो धुरकट येण्याचं कारण डिफ्रॅक्शन. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर छोटी चकती होते. भोक जितकं लहान तितकी चकती मोठी. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मॅक्रोत त्याहून महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते: रिंगवर किंवा स्क्रीनवर दिसणारा एफ-आकडा जवळच्या फोकसला खरा राहत नाही. खरा आकडा काढायला त्याला मॅग्निफिकेशन अधिक एक याने गुणायचं. वन-टू-वनला गुणक झाला दोन. तुमचं एफ/३२ तिथे प्रत्यक्षात एफ/६४ सारखं वागतं. त्या वेळी हिरव्या प्रकाशाची चकती सुमारे ८६ मायक्रॉनची पडते (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. एकेक बिंदू वीसेक पिक्सेलवर पसरलाय, आणि तुम्ही सल्लागाराला त्यातून केसांइतके पाय बघायला सांगताय! एफ/८ वर हीच चकती साडेएकवीस मायक्रॉनची असते. तीही पिक्सेलपेक्षा मोठीच, पण थोडं शार्पनिंग केलं की सावरते. ८६ मायक्रॉनचं नुकसान कुठलंही सॉफ्टवेअर भरून देत नाही.

म्हणून तुमच्या कॅमेऱ्याला माझी मर्यादा अशी: वन-टू-वनच्या आसपास एफ/८, फार तर एफ/११. निम्म्या मॅग्निफिकेशनला एफ/११, नाइलाज असेल तर एफ/१३. एफ/१६ फक्त अशा वेळी, की विषय हलतोय, स्टॅकिंग शक्य नाही आणि फोटो मोबाइलच्या स्क्रीनपलीकडे जाणार नाही. फुल फ्रेमवाल्यांनी यात एक स्टॉप (म्हणजे एफ/८ च्या जागी एफ/११) वाढवून घ्यावा. जाता जाता, निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्स लावल्यावर हा बदललेला आकडाच दाखवतात. एफ/२.८ ची लेन्स जवळ गेल्यावर एफ/४.८ दाखवायला लागली म्हणून ती घेऊन दुकानात परत जाणारे लोक आहेत. लेन्स धडधाकट असते. कॅनन मात्र रिंगवरचाच आकडा दाखवत राहतो, आणि त्याचा वापरकर्ता आपण एफ/१६ वर आहोत या समजुतीत एफ/३२ चं नुकसान सोसतो.

मागे सरकून नंतर क्रॉप करायचं, हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय. निम्म्या मॅग्निफिकेशनला फोटो काढून मधला भाग कापला तर २४ पैकी ६ मेगापिक्सेल उरतात. व्हॉट्सअ‍ॅपला ते जास्तच आहेत, ए-४ प्रिंटही नीट निघते. कापलेल्या चित्राला धूसरपणाचा निकष दुप्पट कडक (०.०१ मिमी) लावला तरी वन-टू-वनच्या दीडपट डेप्थ हाती येते. हा फायदा फुकटचा नाही. चित्र दुप्पट मोठं करून बघितलं की डिफ्रॅक्शनही दुप्पट दिसतं, त्यामुळे क्रॉप करायचं ठरवलं असेल तर एफ/८ च्या पुढे जाऊ नका. पण हाताने, वाऱ्यात, हलत्या किडीवर काम करताना मागे सरकण्याचा दुसरा लाभ मोठा आहे: कीड फ्रेममध्ये धरून ठेवणं सोपं जातं आणि वापरण्याजोग्या फ्रेम जास्त मिळतात.

आता लेन्सचं. ६० मिमीने डेप्थ वाढते हा समज लँडस्केपकडून आलाय, जिथे एकाच जागी उभं राहून लेन्स बदलतात. क्लोज-अपमध्ये कीड फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवली तर ६० आणि १०० मिमीची डेप्थ जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो अंतरात आणि पार्श्वभूमीत. वन-टू-वनला तुमच्या १०० मिमीच्या काचेपुढे साधारण १३-१५ सेंमी जागा राहते. ६० मिमीला त्याहून बरीच कमी, म्हणजे कीड उडणार आणि लेन्सची सावली तिच्यावर पडणार. शिवाय ६० मिमीमध्ये मागचा वेल, तारा, ठिबकची नळी जास्त ओळखू येते. त्यालाच लोक ‘डेप्थ वाढली’ म्हणतात. किडीच्या शेपटीला त्याचा काही उपयोग नाही.

मग एवढ्याशा डेप्थमध्ये करायचं काय? मॅक्रोतली डेप्थ म्हणजे कांद्याची पातळ चकती समजा. जाडी वाढवता येत नाही, पण चकती कुठून आणि कोणत्या कोनात कापायची हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. माझ्या मते या कलेतलं ऐंशी टक्के कौशल्य इथेच आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

नांदूरमध्यमेश्वरला पाण्याकाठच्या गवतावर टाचण्या (चतुराच्या जातकुळीतला बारीक, नाजूक कीटक) आणि चतुर दोन्ही बसलेले असतात. टाचणी बहुधा पंख मिटून बसते. तिला बरोबर बाजूने, सेन्सर तिच्या अंगाला समांतर ठेवून घेतलं तर डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं एकाच प्रतलात येतं आणि एफ/८ वरही सुईसारखं उमटतं. चतुर पंख पसरून बसतो. त्याला बाजूने घेतलं की अलीकडचा पंख गेलाच. त्याच्या बाबतीत वरून, पाठीला समांतर जा: चारही पंख आणि पाठ एका प्रतलात मिळतात, डोळे किंचित खाली-वर होतात. किंवा समोरून फक्त चेहरा घ्या आणि बाकी सगळं खुशाल विरू द्या. वाईट फोटो निघतो तो तिरक्या कोनातून, तीन-चतुर्थांश बाजूने, जिथे काहीच पूर्ण मिळत नाही. आणि हौशी लोक नेमके तिथूनच फोटो काढतात, कारण माणूस चालत आला की कीड त्याला तशीच दिसते. गुडघे टेका, कोपर चिखलात घाला, सेन्सर समांतर करा. पंख मिटलेल्या फुलपाखराचंही हेच: कॅमेरा पंखाच्या सपाटीला समांतर हवा, मग एफ/५.६ वर मागचं गवतही मऊ राहतं.

समांतर म्हणजे किती समांतर? माझं पोट सराफ बाजारातल्या दागिन्यांच्या फोटोंवर चालतं, अधूनमधून जुनी नाणी येतात. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता, १३ हजारांहून अधिक नाणी, त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारून चलनात आणलेली. अशा क्षत्रप नाण्याचा व्यास जेमतेम दीड सेंमी. दोन ठसे एकमेकांवर असल्यामुळे काठापासून काठापर्यंत प्रत्येक रेघ वाचता यायला हवी. तुमच्या सेन्सरवर असं नाणं भरून घेतलं तर एफ/८ ला डेप्थ मिळते पाऊण मिमी. ठशाच्या उंचवट्याला ती पुरते. पण नाणं तीन अंशांनी कललं तरी त्याच्या दोन काठांत पाऊण मिमीचा फरक पडतो, म्हणजे सगळी डेप्थ त्या कलण्यातच संपली. उपाय आरशाचा आहे. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवा. प्रतिबिंब मधोमध आलं की सेन्सर समांतर झाला. पानावरची भुरी किंवा डाऊनी या रोगांचे डाग टिपतानाही हे चालतं: पान काढून सपाट पुठ्ठ्यावर टाचायचं, वरून घ्यायचं, विषय संपला.

‘फोकसच्या पुढे एक तृतीयांश, मागे दोन तृतीयांश’ हा नियमही विसरा. तो काही ठरावीक, लांबच्या अंतरापुरता जुळतो. वन-टू-वनच्या जवळ डेप्थ पुढे-मागे सारखीच वाटली जाते. दोन मिमीची कीड पूर्ण हवी असेल तर फोकस तिच्या मध्यावर. पण दोन मिमी मिळणारच नसतील तर मध्यावर ठेवून दोन्ही टोकं गमावू नका. डोळ्यावर ठेवा. डोळा शार्प असेल तर बघणारा बाकीचं माफ करतो, पाठ शार्प आणि डोळा धूसर असेल तर नाही.

हातात कॅमेरा असताना ऑटोफोकस बंद करा. मॅग्निफिकेशन आधी ठरवून फोकस रिंग तिथेच सोडा, आणि अंग किंचित पुढे-मागे झुलवत डोळा शार्प दिसताच बटण दाबा, बर्स्टवर (सलग फ्रेम). डावा हात त्याच फांदीला किंवा बागेच्या तारेला टेकवला तर कॅमेरा आणि कीड एकत्र हलतात. अर्धं काम तिथेच होतं.

अंजनेरीच्या पठारावर खरा शत्रू वारा. ऑगस्ट-सप्टेंबरला तिथे सेरोपेजिया हे रानफूल फुलतं. त्यातली एक जात तर या डोंगराच्याच नावाने, सेरोपेजिया अंजनेरिका म्हणून ओळखली जाते. ते कंदिलासारखं फूल बाजूने, नळीला समांतर घ्या, एफ/११ वर. वाऱ्याला उत्तर फ्लॅश आहे. फ्लॅश कमी शक्तीवर, समजा एक-सोळांश वर, असेल तर तो सेकंदाच्या पाच हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ पेटतो आणि हलणारं फूल गोठतं. मात्र फ्लॅशपुढे डिफ्यूझर हवाच. ट्रेसिंग पेपर किंवा सामानाच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणलात तर बाजारातल्या महागड्या डिफ्यूझरइतकाच प्रकाश देतो. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवता येते. मात्र झाड क्लिपने धरून ठेवायचं, आजूबाजूचं गवत उपटून पार्श्वभूमी साफ करायची, हे प्रकार सेरोपेजियासारख्या दुर्मीळ झाडाशी करू नका. ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे, आणि पठारावर पाय कुठे पडतोय हेही बघत चला. शेजारचं रोप अजून फुलायचं असू शकतं.

आता स्टॅकिंग. कल्पना सोपी आहे: फोकस थोडा थोडा सरकवत बऱ्याच फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला शार्प भाग सॉफ्टवेअरने जोडायचा. यात प्रत्येक फ्रेम एफ/५.६ किंवा एफ/८ ला, लेन्सच्या सर्वोत्तम ठिकाणी घेता येते. अट एकच, विषय निश्चल हवा.

तुमच्या बागेतला पिठ्या ढेकूण त्यासाठीच जन्माला आलाय म्हणा. तीनेक मिमीची कीड, सालीखाली किंवा घडाच्या देठाशी, तासन्‌तास तिथेच. वन-टू-वन, एफ/८, डेप्थ ०.६४. दोन फ्रेममधलं सरकणं डेप्थच्या सत्तर टक्क्यांपर्यंत ठेवा, म्हणजे साडेचार दशांश मिमी. ढेकणाच्या जाडीला चार-पाच फ्रेम पुरतात, पण अलीकडे-पलीकडे दोन-दोन जास्त घ्या. फ्रेम कमी पडल्या तर मध्ये धूसर पट्टा येतो आणि तो नंतर भरता येत नाही. जास्तीच्या फ्रेम फेकता येतात. चतुर, टाचण्या, माश्यांसाठी डिसेंबर-जानेवारीची पहाट. निफाड भागात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा अंगावर दव घेतलेले कीटक ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. ट्रायपॉड लावून, रिमोटने, सावकाश स्टॅक काढता येतो. सूर्य वर आला की अर्ध्या तासात दुकान बंद.

फोकस सरकवायचा कसा? वन-टू-वनपर्यंत लेन्सची रिंग फिरवा किंवा कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फ्रेम घेण्याची सोय) असेल तर तेच वापरा. त्यापुढच्या मॅग्निफिकेशनला रेल, म्हणजे अख्खा कॅमेराच थोडा थोडा सरकवणारी पट्टी. कॅमेऱ्याच्या मेन्यूतलं ‘स्टेप १, २, ३’ हे मिमीत नसतं. ते कळून घ्यायला पट्टी पंचेचाळीस अंशांत कलती ठेवा, फोटो काढा आणि जितक्या मिमीच्या खुणा शार्प दिसतात त्याला ०.७ ने गुणा: ही तुमची खरी डेप्थ. मग मेन्यूतल्या प्रत्येक स्टेपला फोकस किती सरकतो तेही त्याच पट्टीवर मोजा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि वरच्या माझ्या आकड्यांपेक्षा तुमच्या लेन्सचे हे आकडे जास्त भरवशाचे.

जोडणीसाठी हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही दोन ठरलेली नावं. फोटोशॉपही करतो, पण मिशा एकमेकींना छेदतात तिथे अडखळतो. झेरीनमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स केस, मिशा, काटे यांचा गुंता छान सोडवते पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप रंग आणि पोत जसाच्या तसा ठेवते पण कडांभोवती धूसर वलय सोडते. मी दागिन्याला डीमॅप चालवतो आणि जिथे वलय दिसतं तिथे पीमॅक्सचा तुकडा ब्रशने बसवतो. नथीचं उदाहरण घ्या: मोत्यांची गोलाई धरून वीसेक मिमी खोली, मॅग्निफिकेशन ०.४, एफ/८ ला डेप्थ २.८ मिमी, दोन मिमीच्या टप्प्याने अकरा फ्रेम, सुरक्षिततेला चौदा-पंधरा. तिथे रेल वापरू नका. कॅमेरा जागचा हलला की मोत्यांवरची प्रतिबिंबं सरकतात आणि प्रत्येक मोत्यावर भुतासारखी दुहेरी चमक येते. रिंगच फिरवा.

टिल्ट लेन्सबद्दल थोडंच. लेन्स कलवून फोकसचं प्रतल तिरकं पाडणं ही शाइम्प्फ्लुगच्या नावाने ओळखली जाणारी जुनी युक्ती आहे. टेबलावर आडव्या पडलेल्या तोड्यांना ती उत्तम. किमती बघून किडींसाठी विसरून जा.

राहिले फुलकिडे, तुमच्या प्रश्नातली सर्वात अवघड वस्तू. प्रौढ फुलकिडा साधारण एक मिमीचा. वन-टू-वनला तुमच्या बावीस मिमी रुंदीच्या फ्रेममध्ये तो अडीचशे-पावणेतीनशे पिक्सेलचा दिसणार, त्यामुळे तीन पटीला जायचा मोह होतो. तीन पटीला एफ/५.६ वर डेप्थ असते ०.१ मिमी, आणि डिफ्रॅक्शन तिथेच हद्दीवर पोचलेलं. जिवंत, पळणाऱ्या फुलकिड्याचा तसा स्टॅक होत नाही. नेहमीसारखी फुलोऱ्यातली काडी पांढऱ्या कागदावर झटका, कागद डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, गारठलेल्या किड्याला सपाट कागदावर वरून, आरशाने समांतर केलेल्या कॅमेऱ्याने घ्या. तो चपटा असतो, त्यामुळे थोड्याच फ्रेममध्ये भागतं. जास्तीचं मॅग्निफिकेशन मिळवायला लेन्सच्या पुढे रेनॉक्सची डीसीआर-२५० ही क्लोज-अपची जोडलेन्स बसवा. एवढा एकच खर्च मी सुचवेन. सल्लागाराला पाठवताना त्या फोटोबरोबर दोन साधे फोटोही जोडा, पाव मॅग्निफिकेशनला एफ/११ वर: एक फुलोऱ्याचा, एक मण्यांवरच्या ओरखड्यांचा. बहुतेक वेळा निदान त्या दोनांवरूनच होतं, आणि त्यात जवळजवळ नऊ मिमी डेप्थ असते.